आयडीओ विकर आणि चिवट संसर्ग : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला. इंडोलअमाइन २,३-डायऑक्सिजनेज हे विकर (एन्झाइम), ज्याला या नोंदींत पुढे सगळीकडे आयडीओ असेच म्हणणार आहे, शरीरात महिनोन्महिने ठाण मांडून बसणाऱ्या संसर्गांमध्ये नेमके कोणाच्या उपयोगी पडते, आणि औषधाने ते अडवले तर उपचाराला मदत होते की उलट बाधा येते, हा प्रश्न घेतला आहे. कामाचा मोठा भाग प्रसिद्ध झालेले संशोधन वाचून आढावा लिहिण्याचा आहे. छोटा भाग प्रयोगशाळेतला आहे : हेला या, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोग-पेशींच्या संवर्धनात इंटरफेरॉन-गॅमा हे संसर्गाचा संदेश देणारे प्रथिन घालायचे आणि विकराची क्रिया मोजायची. रोगजंतू आमच्या प्रयोगात नाहीत. त्यासाठी लागणारी सुरक्षाव्यवस्था आमच्याकडे नाही आणि एवढ्या कामासाठी ती असण्याची गरजही नाही.

मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत एक अट घातली. आढाव्यात कुठेही ‘आयडीओ रोगप्रतिकारशक्ती दाबते’ असे मोघम वाक्य लिहायचे नाही. कोणत्या पेशीत, कोणत्या जंतूच्या बाबतीत आणि संसर्गाच्या कोणत्या टप्प्यावर, हे प्रत्येक वेळी सांगायचे.

९ जानेवारी

पायाभूत माहिती जमवली. आयडीओ हे हीम असलेले विकर आहे, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये असतो तसा लोहयुक्त गट त्याच्या गाभ्यात असतो. मानवी विकर ४०३ अमिनो आम्लांचे असून त्याचे जनुक आठव्या गुणसूत्रावर आहे. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे वलय ऑक्सिजनच्या साहाय्याने तोडून ते एन-फॉर्मिलकिन्युरेनिन तयार करते, आणि त्यापासून लगेच किन्युरेनिन बनते. ओसामु हायाइशी यांच्या गटाने १९६७ मध्ये सशाच्या आतड्यात या विकराची क्रिया प्रथम नोंदवली. यकृतात ट्रिप्टोफॅन तोडणारे टीडीओ नावाचे दुसरे विकर त्याआधीच माहीत होते. टीडीओ आहारातून येणाऱ्या ट्रिप्टोफॅनचा हिशेब ठेवते आणि कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकांना प्रतिसाद देते. आयडीओ मात्र संसर्ग झाला की जागे होते. १९७९ मध्येच हायाइशींच्या गटाने इन्फ्लुएन्झाची लागण झालेल्या उंदरांच्या फुप्फुसात ते कित्येक पटींनी वाढलेले दाखवले होते. त्याला जागे करणारा मुख्य संदेश इंटरफेरॉन-गॅमाचा असतो, आणि हा संदेश टी-पेशी व एनके-पेशी या संरक्षक पांढऱ्या पेशी देतात.

ट्रिप्टोफॅन आपले शरीर बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. पेशीतले एक अमिनो आम्ल संपले तर प्रथिने बनणेच थांबते. पुढचे सगळे वाचन या दोन वाक्यांवर उभे राहील असे वाटते.

१५ जानेवारी

एल्मर फेफरकॉर्न यांचा १९८४ चा शोधनिबंध आज पूर्ण वाचला. मानवी तंतुपेशींना इंटरफेरॉन-गॅमा दिले की त्यांच्यात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी वाढत नाही, आणि माध्यमात जादा ट्रिप्टोफॅन घातले की तो पुन्हा वाढू लागतो. उपासमार करून जंतूला रोखण्याची ही कल्पना किती साध्या प्रयोगाने सिद्ध झाली, हे पाहून समाधान वाटले. एकच पदार्थ काढायचा, तोच परत द्यायचा, आणि निष्कर्षाला दुसरी वाट उरत नाही. लवकरच, १९८६ मध्ये, क्लॅमिडिया या जिवाणूच्या बाबतीतही हेच दिसले.

म्हणजे या विकराची पहिली ओळख जंतूशी लढणारे म्हणून झाली. ती पुढे मागे पडली आणि आज बहुतेक लेखनात त्याची ओळख टी-पेशींना दाबणारे म्हणूनच येते. आढाव्यात ही पहिली ओळख सुरुवातीलाच यायला हवी.

२३ जानेवारी

आज विकराची दुसरी बाजू वाचली. १९९८ मध्ये डेव्हिड मन आणि अँड्र्यू मेलर यांनी गाभण उंदरांना १-मेथिल-ट्रिप्टोफॅन हे आयडीओ अडवणारे रसायन दिले. नर-मादी वेगळ्या वंशाचे असतील तर गर्भ टी-पेशींच्या हल्ल्याने नाकारला गेला. एकाच वंशाचे असतील तर गर्भाला काही झाले नाही. वारेतील पेशी आयडीओ वापरून आईच्या टी-पेशींना गर्भापासून दूर ठेवतात, असा अर्थ त्यातून निघाला.

यामागची यंत्रणा दोन वाटांनी चालते. ट्रिप्टोफॅन कमी झाले की टी-पेशीतील जीसीएन२ हे संदेश पुढे नेणारे विकर ते ओळखते आणि पेशीची वाढ थोपवते. दुसरीकडे, साठत जाणारे किन्युरेनिन टी-पेशीतील एरिल हायड्रोकार्बन ग्राहीला चिकटते आणि नवख्या टी-पेशींना नियामक टी-पेशी, म्हणजे इतर टी-पेशींना आवरणाऱ्या पेशी, बनण्याकडे वळवते. म्हणून उपासमार आणि त्या उपासमारीतून तयार झालेला पदार्थ, दोन्ही एकाच दिशेने ढकलतात. जंतू आणि टी-पेशी एकाच ताटातले जेवतात. ताट उचलले की दोघेही उपाशी राहतात. ही तुलना आढाव्यात टिकेल की नाही माहीत नाही, पण माझ्या मनात प्रश्न तिने स्पष्ट केला.

३० जानेवारी

क्लॅमिडियावर संपूर्ण आठवडा गेला, आणि तो जायलाच हवा होता.

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस पेशीच्या आत वाढतो. पेशीबाहेर टिकणारे लहान, संसर्गक्षम रूप आत शिरते, तिथे मोठे, विभागणारे रूप घेते आणि साधारण दोन ते तीन दिवसांत पुन्हा लहान रूपात बाहेर पडते. इंटरफेरॉन-गॅमामुळे आयडीओ जागे झाले आणि ट्रिप्टोफॅन पूर्णपणे संपले, तर जंतूची वाढ थांबते. पण ते काहीसेच संपले, तर जंतू मरत नाही. तो फुगीर, वेडावाकडा आकार घेतो, विभागणे थांबवतो आणि जिवंत राहतो. ट्रिप्टोफॅन परत मिळाले की त्यातून पुन्हा संसर्गक्षम जंतू तयार होतात. बीटी, मॉरिसन आणि बर्न यांच्या १९९० च्या दशकातील कामाने हे नीट दाखवले आणि ‘चिवटपणा’ या शब्दाला प्रयोगशाळेत मोजता येईल असा अर्थ दिला.

उपचाराच्या दृष्टीने खरी अडचण इथे आहे. झोपी गेलेल्या जंतूवर प्रतिजैविके कमी चालतात, कारण बहुतेक प्रतिजैविके चालू असलेल्या कामावर घाव घालतात : भिंत बांधणे, प्रथिने बनवणे, डीएनएची प्रत काढणे. काम थांबलेले असेल तर घाव कशावर घालायचा? शरीराने स्वतःच्या संरक्षणासाठी जे केले, त्यानेच जंतूला औषधापासून आडोसा मिळतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेला पेशींमधील अशा झोपलेल्या क्लॅमिडियावर १-मेथिल-ट्रिप्टोफॅनचे एल रूप (या रसायनाची एल आणि डी ही दोन रूपे एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असतात) वापरून आयडीओ अडवले गेले; जंतू पुन्हा नेहमीच्या चक्राकडे वळले, आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक त्यांच्यावर अधिक परिणामकारक ठरले. जंतूला उठवून मग मारायचे, असा हा विचार आहे. माझ्या मते संपूर्ण विषयातील हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जोखमीचा विचार आहे, कारण उठवल्यावर औषध पुरेसे पोहोचले नाही तर आपण संसर्ग पसरवायला मदत केली असे होईल.

याच जंतूच्या जातींमधील एक फरकही नोंदवून ठेवतो. डोळ्यांत खुपऱ्या निर्माण करणाऱ्या जातींनी ट्रिप्टोफॅन सिंथेज हे विकर गमावले आहे. जननमार्गातील जातींनी ते जपले आहे. त्याच्या साहाय्याने जननमार्गातील जंतू शेजारच्या इतर जिवाणूंनी सोडलेल्या इंडोलपासून स्वतःचे ट्रिप्टोफॅन बनवतात आणि आयडीओने लादलेल्या उपासमारीतून सुटतात. हॅरलन काल्डवेल यांच्या गटाने २००३ मध्ये हे मांडले. म्हणजे योनिमार्गातील जिवाणूंचा समतोल बिघडला असेल, तर यजमानाच्या विकराचा फास सैल पडू शकतो. संसर्गाचे भवितव्य यजमान आणि जंतू या दोघांपुरते उरत नाही, शेजारीही त्यात येतात.

६ फेब्रुवारी

प्रयोगशाळेतील पहिली फेरी वाया गेली. चूक माझी होती. हेला पेशी नेहमीप्रमाणे डीएमईएम माध्यमात वाढवल्या, इंटरफेरॉन-गॅमा घातले, दोन दिवसांनी किन्युरेनिन दिसले, पण ट्रिप्टोफॅन संपल्याची कोणतीही खूण दिसली नाही. दोन दिवस मी इंटरफेरॉनच्या कुपीवर संशय घेत राहिलो. शेवटी माध्यमांचे घटक शेजारी शेजारी ठेवून पाहिले. डीएमईएममध्ये लिटरमागे १६ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन असते, म्हणजे सुमारे ७८ मायक्रोमोलर. आरपीएमआय १६४० मध्ये केवळ ५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २४.५ मायक्रोमोलर. तिपटीहून अधिक अन्न घालून मी उपासमारीची वाट पाहत होतो. त्यात गर्भीय वासराच्या सीरममधून येणारे ट्रिप्टोफॅन वेगळेच.

हे केवळ माझ्या चुकीपुरते नाही. चिवटपणा दिसला किंवा दिसला नाही असे सांगणारे शोधनिबंध आता मी माध्यमाचे नाव पाहिल्याशिवाय वाचत नाही, आणि आढाव्याच्या तक्त्यात माध्यमासाठी स्वतंत्र स्तंभ वाढवला आहे.

८ फेब्रुवारी

मोजमापाची पद्धत ठरली. माध्यमातील प्रथिने ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने खाली बसवायची, ५० अंशांवर अर्धा तास ठेवून एन-फॉर्मिलकिन्युरेनिनचे किन्युरेनिन होऊ द्यायचे, मग एरलिक अभिकर्मक घालून येणारा पिवळा रंग मोजायचा. प्रमाण रेषा सरळ आली. ट्रिप्टोफॅनसाठी एचपीएलसी या, मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर त्याची स्वतःची प्रतिदीप्ती वापरणार आहोत.

१८ फेब्रुवारी

क्षयरोग. इथे क्लॅमिडियाचा तर्क जसाच्या तसा लावता येत नाही, कारण क्षयाचा जिवाणू स्वतःचे ट्रिप्टोफॅन स्वतः बनवतो. एरिक रुबिन यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की ही क्षमता काढून घेतलेले क्षयाचे जिवाणू सीडी४ टी-पेशी आणि इंटरफेरॉन-गॅमाच्या माऱ्यापुढे टिकत नाहीत. उपासमारीचे हत्यार चालते, पण जिवाणूकडे स्वतःचे कोठार आहे. म्हणून त्यांनी यजमानाच्या विकराला हात न लावता जिवाणूची ट्रिप्टोफॅन बनवण्याची वाटच रसायनाने बंद करून पाहिली. म्हणजे शरीराने चालवलेल्या उपासमारीला औषधाने जोड द्यायची.

दुसऱ्या बाजूने, क्षयाच्या ग्रॅन्युलोमात, म्हणजे जंतूभोवती जमलेल्या पेशींच्या गाठीत, आयडीओ मुख्यतः आतल्या थरातील मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशींमध्ये आढळते. टी-पेशी मात्र बाहेरच्या कड्यात अडकून राहतात. ऱ्हीसस माकडांना १-मेथिल-ट्रिप्टोफॅनचे डी रूप दिल्यावर टी-पेशी गाठीच्या गाभ्यापर्यंत पोहोचल्या, त्यांचे विभाजन वाढले आणि जंतूंची संख्या घटली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. या निबंधातील गाठीच्या छेदांची चित्रे मी बराच वेळ पाहत बसलो होतो. संख्यांपेक्षा ती अधिक बोलतात.

पण २०१२ च्या एका कामात आयडीओचे जनुक नसलेल्या उंदरांनी क्षयाचा संसर्ग नेहमीच्या उंदरांइतकाच आवरला होता. मग खरे कोणते मानायचे? दोन्ही खरी आहेत असे मला वाटते. उंदराच्या मॅक्रोफेज पेशी भरपूर नायट्रिक ऑक्साइड बनवतात, आणि नायट्रिक ऑक्साइड आयडीओच्या हीमला अडवते. शिवाय उंदरातील सामान्य क्षयात माणसासारखी सुघटित, मध्यभागी कुजलेली गाठ बहुधा तयारच होत नाही. जिथे भिंतच नाही, तिथे भिंत पाडणाऱ्या औषधाचा परिणाम कसा दिसणार? क्लॅमिडियाबाबतही असेच आहे : उंदराच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमाखाली आयडीओपेक्षा जीटीपेज कुळातील प्रथिनांवर अधिक भिस्त ठेवतात. म्हणून उंदरांवरील निकालांसाठी आढाव्यात स्वतंत्र परिच्छेद ठेवला आहे.

२६ फेब्रुवारी

एक गंभीर चूक सहकारी मैत्रिणीने वेळेवर दाखवून दिली. मी मसुद्यात एल आणि डी ही १-मेथिल-ट्रिप्टोफॅनची दोन्ही रूपे ‘आयडीओ अडवणारी’ म्हणून एकाच ओळीत लिहिली होती. शुद्ध विकरावर तपासले असता एल रूप त्याला अडवते. डी रूप, ज्याला औषध म्हणून इंडोक्सिमॉड हे नाव मिळाले, विकराला जवळपास अडवत नाही. ते पुढच्या टप्प्यावर काम करते असे मानले जाते : ट्रिप्टोफॅन कमी असतानाही टी-पेशीतील एमटॉर या, वाढीचा निर्णय घेणाऱ्या यंत्रणेला ते पुरेसे असल्याचा संदेश मिळतो.

या फरकाने दोन आठवड्यांचे लिखाण पुन्हा तपासावे लागत आहे, आणि ते योग्यच आहे. माकडांच्या प्रयोगात जे दिसले ते विकर थांबल्यामुळे की टी-पेशींची भूक भागल्यासारखी झाल्यामुळे, याचे उत्तर बदलले तर उपचाराची दिशाही बदलते. विकर चालू ठेवून, म्हणजे जंतूची उपासमार न मोडता, केवळ टी-पेशींना त्यातून सोडवता आले तर क्लॅमिडियाच्या नोंदीत लिहिलेली जोखीम टाळता येईल. तक्त्यात आता रसायनाचे रूप वेगळे नोंदवले आहे.

५ मार्च

एचआयव्ही. येथे विषाणूला उपाशी ठेवण्याचा फायदा फारसा दिसत नाही आणि नुकसान ठळक दिसते. संसर्ग झालेल्या व्यक्तींच्या रक्तात किन्युरेनिन आणि ट्रिप्टोफॅन यांचे गुणोत्तर वाढलेले असते. विषाणूरोधक उपचारांनी ते उतरते, पण अनेकांत निरोगी पातळीपर्यंत येत नाही. २०१० मधील एका महत्त्वाच्या कामाने त्याची साखळी जोडून दाखवली. आयडीओच्या वाटेवर पुढे तयार होणारे ३-हायड्रॉक्सिअँथ्रॅनिलिक आम्ल टीएच१७ या प्रकारच्या टी-पेशींची संख्या घटवते आणि नियामक पेशींचे पारडे जड करते. टीएच१७ पेशी आतड्याच्या अस्तराचे रक्षण करतात. त्या घटल्या की आतड्यातील जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, त्यांच्यामुळे दाह वाढतो, आणि दाह आयडीओला पुन्हा जागे करतो. विषाणू औषधांनी दाबला गेला तरी हे चक्र मागे फिरत राहू शकते.

याच वाटेवर आणखी पुढे क्विनोलिनिक आम्ल तयार होते. ते मेंदूतील एनएमडीए ग्राहींना अतिउत्तेजित करते आणि चेतापेशींना घातक ठरते. एचआयव्हीमुळे होणाऱ्या बौद्धिक ऱ्हासाशी त्याचा संबंध फार पूर्वीपासून जोडला गेला आहे. येथे विकर अडवण्याचे समर्थन सर्वांत सरळ वाटते, कारण जंतूला उठवण्याची भीती नाही. अर्थात, विषाणू दडून बसलेल्या पेशींवर काय परिणाम होईल हा प्रश्न वेगळा.

११ मार्च

यकृतदाह-सी वर थोडेच लिहायचे आहे. पूर्वी या रोगावर इंटरफेरॉन-अल्फा दिले जाई आणि अनेक रुग्णांना उपचारादरम्यान गंभीर नैराश्य येई. रक्तातील ट्रिप्टोफॅन घटण्याशी आणि आयडीओशी त्याचा संबंध दिसून आला. थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या आल्यावर तो उपचार मागे पडला. पण संसर्गावरचा उपचारच या विकराला जागे करू शकतो, एवढी आठवण त्यातून ठेवायला हवी.

२० मार्च

कर्करोगातील अनुभव आढाव्यात घ्यावा की नाही, यावर बराच विचार केला आणि घ्यायचे ठरवले. एपॅकॅडोस्टॅट हे आयडीओ अडवणारे औषध मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ७०६ रुग्णांवर पेम्ब्रोलिझुमॅब या, टी-पेशींवरचा लगाम काढणाऱ्या औषधाच्या जोडीने तपासले गेले, आणि २०१८ मध्ये त्याचा काहीही अधिक लाभ नसल्याचे जाहीर झाले. त्या निकालानंतर या विकरावरील औषधांबद्दलचा उत्साह एकदम ओसरला. चर्चेत जे प्रश्न पुढे आले ते आमच्या विषयालाही लागू पडतात. ठरवलेल्या मात्रेने गाठीच्या आत विकर खरोखर थांबले होते का? यकृतातील टीडीओने किन्युरेनिनची भरपाई केली का? ज्यांच्या गाठीत आयडीओ जागेच नव्हते अशा रुग्णांची निवड झाली का? संसर्गात हे औषध कधी तपासले गेले तर किन्युरेनिनचे मोजमाप सुरुवातीपासून असायला हवे, असे मी ठामपणे लिहिले आहे.

२७ मार्च

आरपीएमआय माध्यमातील दुसरी फेरी व्यवस्थित झाली. इंटरफेरॉन-गॅमा दिलेल्या पेशींत किन्युरेनिन वाढत गेले आणि ट्रिप्टोफॅनची खूण घटत घटत नाहीशी झाली. एल-१-मेथिल-ट्रिप्टोफॅन घातलेल्या कप्प्यांत दोन्ही बदल मंदावले. डी रूपाच्या कप्प्यांत तसा फरक आढळला नाही. पुस्तकात वाचलेला फरक स्वतःच्या थाळीत उमटलेला पाहिला तेव्हा २६ फेब्रुवारीची चूक खऱ्या अर्थाने समजली.

२ एप्रिल

मॅडमबरोबर मसुद्याची शेवटची बैठक झाली. ‘आयडीओ अडवावे का?’ हे शीर्षक त्यांनी खोडले. क्लॅमिडियात प्रतिजैविकाच्या जोडीने आणि त्याच वेळी, क्षयात गाठ तयार झाल्यानंतर आणि शक्यतो विकराऐवजी टी-पेशीच्या भुकेवर, एचआयव्हीत विषाणूरोधक उपचार स्थिर झाल्यावर, अशी तीन वेगळी उत्तरे असताना एकच प्रश्न शीर्षकात कसा चालेल, असे त्यांनी विचारले. मी विचारले, “मग मॅडम, तीन शीर्षके द्यायची का?” त्या म्हणाल्या, “शीर्षक एकच ठेव, पण त्यात ‘केव्हा’ हा शब्द असू दे.”

तक्त्यात आता जंतू, पेशी, माध्यम, रसायनाचे रूप, सोबतचे औषध आणि औषध देण्याची वेळ असे सहा स्तंभ आहेत. क्षयाच्या ओळीत माकडांमध्ये नेहमीच्या औषधांच्या जोडीने झालेले नंतरचे काम भरले आहे. कुष्ठरोगाच्या ओळीत, अनेक जंतू असलेल्या रूपाच्या व्रणांत आयडीओ वाढलेले असते एवढेच लिहून वेळेचा रकाना रिकामा ठेवला आहे. तो सोमवारपर्यंत भरता आला नाही तर मसुदा तसाच, रिकाम्या रकान्यासह पाठवायचा, असे ठरले.